गोबरगॅस ते मेणबत्ती : एकाच कुळाची गोष्ट

श्रोतेहो, आज ज्या कुळाची ओळख करून द्यायची आहे ते आपल्या घरातच नांदते आहे. गोबरगॅसच्या शेगडीवर निळी ज्योत दिसते, ती या कुळातल्या शेंडेफळाची. सिलिंडरमध्ये कोंडलेला गॅस म्हणजे त्याचे मधले भाऊ. कंदिलात ज्याने वर्षानुवर्षे उजेड दिला ते रॉकेल, ट्रॅक्टरमधले डिझेल आणि वीज गेली की आपण चाचपडत शोधतो ती मेणबत्ती, यांतही मुख्य भरणा याच घराण्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींचा. रसायनशास्त्रात या कुळाला अल्केन म्हणतात. नाव परके आहे, पण मंडळी ओळखीची आहेत.

हा विषय नववी-दहावीच्या पुस्तकापुरता आहे, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. ते मत कसे बदलले, ते आधी सांगतो.

मी खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवीत असे. आमच्या गावी एका शेतकऱ्याने गोबरगॅसचा खड्डा साफ करायला काढला. वरची लोखंडी टाकी उचलून बाजूला ठेवली, बादल्यांनी जमेल तेवढा काला उपसला, आणि तळचा गाळ काढायला कोणीतरी आत उतरायचे ठरले. संध्याकाळी तो शेतकरी आपल्या मुलाला घेऊन माझ्या दारी आला. मुलगा माझ्याच वर्गातला. म्हणाला, "गुरुजी, आत उतरावं का न्हाई? जुन्या हिरीत उतरताना आपण कंदील सोडून बघतो, तसा सोडून बघू का?"

मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "अहो, त्यात मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका. टाकी सकाळीच काढलीत, एव्हाना सगळा उडून गेला असेल. उद्या उतरा खुशाल."

ते गेले. रात्री जेवण झाल्यावर मुलगा पुन्हा आला. त्याच्या हातात वही होती. "गुरुजी, तुम्हीच सांगितलं होतं, गोबरगॅसमध्ये नुसता मिथेन नसतो, कर्बवायूपण असतो. मग तो हलका कसा?"

मी कागद घेतला. मिथेनच्या रेणूचा भार १६. कर्बवायूचा म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा ४४. आपल्या हवेचा सरासरी भार २९. गोबरगॅसमध्ये ढोबळ मानाने ६० टक्के मिथेन आणि ४० टक्के कर्बवायू धरला, तर १६ चे ६० टक्के म्हणजे ९.६ आणि ४४ चे ४० टक्के म्हणजे १७.६. बेरीज झाली २७.२. म्हणजे हा वायू हवेच्या जवळजवळ बरोबरीचा निघाला! तो फुग्यासारखा वर उडून जाणारा नव्हे. खोल, वारा नसलेल्या खड्ड्यात तो रेंगाळणार. शिवाय तळचा गाळ ढवळला की नवा वायू सुटणार. मी कंदील घेऊन, नाही, बॅटरी घेऊन, तडक त्या शेतकऱ्याचे घर गाठले आणि म्हणालो, "उद्या कुणी उतरायचं नाही. कंदील तर मुळीच सोडायचा नाही."

श्रोतेहो, मी पुस्तकातले एक खरे वाक्य सांगितले होते, पण ते चुकीच्या जागी लावले होते. त्या दिवसापासून मी हा धडा निराळ्या रीतीने शिकवू लागलो. त्यातलाच काही भाग आज तुमच्यापुढे ठेवतो.

या कुळाची बांधणी अगदी साधी आहे. अणू दोनच प्रकारचे, कार्बन आणि हायड्रोजन. कार्बनला चार हात, हायड्रोजनला एक. एका कार्बनने चार हातांनी चार हायड्रोजन धरले की झाला मिथेन. दोन कार्बनांनी एकमेकांचा एकेक हात धरला आणि उरलेल्या सहा हातांत सहा हायड्रोजन आले की इथेन. तीन कार्बनांची साखळी म्हणजे प्रोपेन, चारांची ब्यूटेन. पुढे पेंटेन, हेक्झेन अशी ही माळ वाढत जाते. कार्बन किती ते मोजा, दुप्पट करा आणि दोन मिळवा, तितके हायड्रोजन. हा या घराण्याचा नियम.

साखळी वाढेल तसा पदार्थ जड होतो आणि उकळायला जास्त उष्णता मागतो. मिथेन शून्याखाली १६१ अंशांना उकळतो, म्हणून आपल्याला तो सदैव वायूच दिसतो. प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांना, ब्यूटेन शून्याच्या जरासा खाली. म्हणून हे दोघे थोड्या दाबाने द्रव होतात आणि सिलिंडरमध्ये भरता येतात. सिलिंडर हलवला की आत पाण्यासारखे हिंदकळते, ते हेच. पेंटेन ३६ अंशांना उकळतो. दहा ते सोळा कार्बनांच्या आसपासची मंडळी रॉकेलात, आणि वीस-तीस कार्बनांच्या लांब साखळ्या मेणात.

या कुळाचा स्वभाव मोठा आळशी. आम्लात घाला, अल्कलीत घाला, सहसा ढिम्म हलत नाही. जर्मन रसायनज्ञ कार्ल रायखेनबाख याने १८३० साली या मेणाला पॅराफिन हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो, 'ज्याला कोणाची फारशी ओढ नाही असा'. कारण उघड आहे. कार्बनचे चारी हात गुंतलेले आहेत. मोकळा हात नाही, आणि पकडही घट्ट. कोणी येऊन काही मागावे अशी फटच नाही.

पण आळशी माणूस एकदा पेटला की आवरत नाही, तशी यांची गत आहे. पहिली आणि मोठी प्रक्रिया ज्वलनाची. मिथेनच्या एका रेणूला प्राणवायूचे दोन रेणू मिळाले की कर्बवायूचा एक आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. वजनात सांगायचे तर १६ ग्रॅम मिथेन ६४ ग्रॅम प्राणवायू खातो आणि ४४ ग्रॅम कर्बवायू व ३६ ग्रॅम पाणी देतो. दोन्ही बाजूंची बेरीज ८०. जमाखर्च बरोबर जुळला पाहिजे. आगीतून पाणी निघते हे मुलांना खरे वाटत नाही. शिक्षकांनी ज्योतीवर थोड्या उंचीवर थंड, कोरडी स्टीलची ताटली क्षणभर धरून दाखवावी. ताटलीवर दव धरते. हेच ते पाणी. लंडनमध्ये मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी केवळ एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली होती. तेव्हा साधन नाही म्हणून शाळेत विज्ञान होत नाही, ही तक्रार आपण जपून करावी.

आता हवेचा हिशेब पाहा. एक लिटर मिथेनला दोन लिटर प्राणवायू लागतो. हवेत प्राणवायू सुमारे एक पंचमांश, म्हणून हवा लागते साडेनऊ लिटरच्या आसपास. एक लिटर ब्यूटेनला मात्र साडेसहा लिटर प्राणवायू, म्हणजे एकतीस लिटर हवा हवी. गोबरगॅसची शेगडी आणि सिलिंडरची शेगडी यांची भोके सारखी नसतात, त्याचे कारण हे. गोबरगॅसच्या शेगडीला सिलिंडर जोडला तर हवा अपुरी पडते, ज्योत पिवळी होते आणि भांड्यांची बुडे काळी होतात.

ज्योत निळी असेल तर समजावे की जळण पुरते आहे. पिवळ्या ज्योतीत कार्बनचे बारीक कण लालभडक तापून चकाकतात. तीच पुढे काजळी. मेणबत्तीत आणि कंदिलात आपल्याला हा पिवळा उजेडच हवा असतो. परंतु शेगडीत तो नको, कारण हवा अपुरी पडली की काजळीबरोबर आणखी एक वायू तयार होतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील तांबडे द्रव्य प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पटींनी अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. माणसाला डोके दुखते, गरगरते, झोप येते, आणि ती झोप शेवटची ठरू शकते. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवून निजणे, किंवा बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू ठेवून अंघोळ करीत राहणे, यात हाच धोका आहे. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवावा, आणि जिथे काही जळते तिथे हवेला वाट ठेवावी.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगी पुरते, भडका उडतो. कोळशाच्या खाणीत याच वायूने असंख्य माणसे मेली. त्यावर हम्फ्री डेव्ही याने १८१५ साली जाळीचा दिवा काढला. जाळी उष्णता शोषून घेते, म्हणून आतली ज्योत बाहेर झेप घेत नाही. त्याच्याही आधी, १७७६ साली, इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टा याने माज्जोरे सरोवराच्या काठच्या दलदलीत काठीने गाळ ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि ते जळतात हे दाखवले. आपल्या मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून असा वायू मिळवून दिव्यासाठी वापरला होता. म्हणजे शेणाचा गॅस ही काही कालपरवाची युक्ती नव्हे.

आता आमच्या शेतकऱ्याच्या कंदिलाकडे येऊ. जुन्या विहिरीत भीती असते ती प्राणवायू नसण्याची. तिथे कंदील विझला तर उतरू नये, हा आडाखा वाडवडिलांनी अनुभवाने बसवलेला आहे. पण गोबरगॅसच्या खड्ड्यात जळणारा वायू असतो. तिथे कंदील सोडणे म्हणजे दारूच्या कोठारात काडी ओढणे. शिवाय त्या वायूत थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणून "वास येत नाही, उतरा" हेही चालायचे नाही.

सिलिंडरच्या गॅसचा प्रकार आणखी निराळा. प्रोपेनचा भार ४४, ब्यूटेनचा ५८. हवा २९. म्हणजे हा गॅस हवेच्या दीडपट-दुप्पट जड. तो गळला की पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, मोरीत, तळघरात, खाटेखाली साचतो. त्याला मूळचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. वास आला तर दिव्याचे बटण लावू नये, आणि बंदही करू नये. दोन्ही वेळा ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावे.

ज्वलनाखेरीज या कुळाच्या आणखी दोन प्रक्रिया शिक्षकांनी सांगाव्यात. पहिली क्लोरीनबरोबरची. मिथेन आणि क्लोरीन अंधारात एकत्र ठेवले तर शेजारी शेजारी गप्प बसतात. उन्हात आणले की प्रकाशाने क्लोरीनची जोडी फुटते. सुटलेला एकटा क्लोरीन मिथेनचा एक हायड्रोजन हिसकावतो. उरलेला तुकडा दुसऱ्या क्लोरीनच्या जोडीतला एक ओढतो, आणि पुन्हा एक क्लोरीन एकटा पडतो. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ही साखळी हजारो फेरे चालते. हायड्रोजन एकेक करून बदलत गेले की मिथिल क्लोराइड, मिथिलीन क्लोराइड, क्लोरोफॉर्म आणि शेवटी कार्बन टेट्राक्लोराइड मिळते. हा प्रयोग वर्गात करू नये. उन्हात त्याचा स्फोट होऊ शकतो. तो फळ्यावरच बरा.

दुसरी प्रक्रिया मोडणीची. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात लांब साखळ्या तापवून तोडतात. दहा कार्बनांच्या साखळीतून आठांची एक आणि दोनांची एक असे तुकडे पडू शकतात. आठांचा तुकडा पेट्रोलात जातो, दोनांचा इथिलीन. त्याच्यापासून आपल्या रोपवाटिकेतल्या काळ्या पिशव्यांचे पॉलिथीन बनते.

आता या कुळाची बसण्याउठण्याची तऱ्हा पाहू. याला शास्त्रात संरूपण असा शब्द आहे. आपण ठेवण म्हणू. त्यासाठी दोन बटाटे, मूठभर भिजवलेले हरभरे आणि खराट्याच्या काड्या आणा. बटाटा हा कार्बन, हरभरा हा हायड्रोजन. कार्बनचे चार हात सपाट कागदावर अधिक चिन्हासारखे काढतात, पण प्रत्यक्षात ते तसे नसतात. तिकाटणे उभे करावे तसे तीन हात खाली फाकलेले आणि चौथा सरळ वर. कोणत्याही दोन हातांमधला कोन साडेएकशे नऊ अंश. ही कल्पना १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोघा तरुणांनी स्वतंत्रपणे मांडली.

दोन बटाटे एका काडीने जोडा आणि प्रत्येकाला तीन-तीन हरभरे लावा. हा इथेन झाला. आता एक बटाटा स्थिर धरून दुसरा फिरवा. काडी न मोडता तो फिरतो. एका टोकाकडून डोळा लावून पाहा. कधी मागचे तीन हरभरे पुढच्या तिघांच्या बरोबर मागे लपतात, कधी ते पुढच्यांच्या फटींत दिसतात. तमाशाच्या फडात मागचा माणूस पुढच्या दोन डोक्यांच्या फटीतून बघतो, तसा हा प्रकार. रेणूलाही हीच फटीतली बैठक आवडते, कारण समोरासमोर आले की दाटी होते. या दोन ठेवणींतला फरक ३० ग्रॅम इथेनमागे सुमारे ३ किलोकॅलरी. आणि कार्बन-कार्बनची काडीच मोडायची तर लागतात सुमारे ९०. म्हणून आपल्या नेहमीच्या उष्णतेत इथेन मोडत नाही, पण सेकंदाला अब्जावधी वेळा गिरकी घेतो.

ब्यूटेनमध्ये मधल्या काडीभोवती फिरताना दोन टोकांचे कार्बन एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर राहू पाहतात. साधारण उष्णतेला दहांतले सातएक रेणू अशा ताणलेल्या ठेवणीत असतात, बाकीचे जरा वाकलेल्या.

इथे मुलांची एक हमखास चूक होते. फळ्यावर साखळी वाकडी काढली की मुले तिला निराळा पदार्थ समजतात. त्यांना एक साधी कसोटी द्या. काडी न उपसता, नुसते फिरवून एक आकृती दुसरीसारखी करता आली तर पदार्थ एकच, फक्त ठेवण वेगळी. काडी उपसून दुसरीकडे खोचावी लागली तर पदार्थ वेगळा. चार कार्बनांची सरळ साखळी ब्यूटेन. मधल्या एका कार्बनला बाकीचे तीन चिकटले तर आयसोब्यूटेन. कार्बन-हायड्रोजन तेवढेच, पण हा शून्याखाली सुमारे १२ अंशांनाच उकळतो.

हा फरक का पडतो? कडब्याची पेंढी आठवा. सरळ ताटे एकमेकांना लागून घट्ट बसतात. बाभळीच्या फांद्यांची मोळी तशी बसत नाही. सरळ साखळ्या एकमेकींना लांबवर चिकटतात, फाटे फुटलेल्या कमी चिकटतात. मेणातल्या लांब साखळ्या नागमोडी पण ताठ होऊन पेंढीसारख्या रचल्या जातात, म्हणून मेण घट्ट असते. इंजिनातही ठेवणीचा नाही तरी बांधणीचा प्रताप दिसतो. सात कार्बनांची सरळ साखळी इंजिनात अवेळी पेटून ठोके देते, तर आठ कार्बनांचा फाटेदार आयसोऑक्टेन शांतपणे जळतो. पेट्रोलचा ऑक्टेन अंक मोजताना पहिल्याला शून्य आणि दुसऱ्याला शंभर गुण देतात.

चुलत घराण्यातली एक गोष्ट सांगून पुरे करतो. सहा कार्बनांनी कडे केले की सायक्लोहेक्झेन होतो. १८८५ साली बायर या मोठ्या शास्त्रज्ञाने अशी कडी सपाट आहेत असे धरले. १८९० मध्ये हेर्मान झाक्से नावाच्या तरुणाने दाखवले की कडे सपाट नसून वर-खाली दुमडलेले असेल, तर कोणताही कोन ताणावा लागत नाही. त्याचे कोणी फारसे ऐकले नाही, आणि १८९३ मध्ये तो वारलाही. पुढे नॉर्वेच्या ओड हासेलने मोजमाप करून हीच खुर्चीसारखी ठेवण खरी ठरवली, आणि इंग्लंडच्या डेरेक बार्टनने १९५० मध्ये दाखवून दिले की रेणू कसा बसला आहे यावर त्याची प्रक्रियाही अवलंबून असते. या दोघांना १९६९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लहानाने सांगितलेले खरे असू शकते, हे मला माझ्या वहीवाल्या विद्यार्थ्यानेही शिकवले होते.

त्या खड्ड्याचे पुढे काय झाले? कोणी आत उतरले नाही. खड्डा बरेच दिवस उघडा ठेवला, पाणी सोडून गाळ पातळ केला आणि वरूनच उपसला. काम लांबले, शेतकरी थोडा कुरकुरला, पण घरातली माणसे घरात राहिली. तेव्हा श्रोतेहो, एवढे लक्षात ठेवा. गोबरगॅसच्या खड्ड्यात उतरू नका आणि दिवा सोडू नका. उतरल्यावाचून भागतच नसेल तर पंख्याने हवा खेळवणारी, दोर आणि साधने असलेली जाणती माणसे बोलवा. आणि कोणी आत कोसळला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. बाहेरून मदत बोलवा. अशा खड्ड्यात पहिल्याला वाचवायला गेलेला दुसराही तिथेच राहतो.

आणि शिक्षकबंधुभगिनींनो, १६, २९ आणि ४४ हे तीन आकडे मुलांकडून पाठ करून घ्या; पण त्याहीपेक्षा, ते कुठे लावायचे आणि कुठे नाही, हे विचारणाऱ्या मुलाला रात्री उशिरा आला तरी दार उघडा.